भागेश्वराच्या देवळाजवळ

कुणी पत्ता विचारला तर काय सांगायचं, हे बाबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. "पेठकिल्ला, भागेश्वराच्या देवळाजवळ." त्यात मिरकरवाडा, म्हणजे रत्नागिरीचं मासळी बंदर, हा शब्द येता कामा नये. आमच्या मागच्या पडवीत उभं राहिलं की बंदरातल्या बोटींच्या काठ्या मोजता यायच्या. देवळात जायचं तर चांगली पायपीट व्हायची. पण आमच्या पत्त्यात देऊळ जवळ होतं आणि बंदर लांब.

पाचवीत शाळा बदलली. पहिल्या दिवशी बाईंनी एकेकीला उभं करून नाव आणि राहायचं ठिकाण विचारलं. टिळक आळी, राम आळी, झाडगाव, परटवणे करत पाळी माझ्यापर्यंत आली. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे मिरकरवाड्यात!" आणि शेजारच्या मुलीने नाक दाबलं. बाई तिच्यावर चांगल्याच रागावल्या. म्हणाल्या, "असं बोलू नये. देवळाजवळ राहते ती."

बाई भल्या होत्या. मिरकरवाड्यात राहिलं तर काय बिघडलं, हे त्यांना सुचलं नाही. मलाही त्या वयात सुचलं नाही. मला हायसं वाटलं, इतकंच.

घरी गेल्यावर मी आईला काही सांगितलं नाही, पण तिला ते आधीच ठाऊक असावं. कारण शाळेचा गणवेश ती कधीही बाहेर दोरीवर टाकायची नाही. मधल्या खोलीत, खुंटीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधून त्यावर वाळवायची. पावसाळ्यात तो तीन-तीन दिवस दमट राहायचा आणि त्याला कुबट वास यायचा. तो वास चालायचा. मासळीचा नको.

रत्नागिरीत पत्त्यातला एकेक शब्द बोलका असतो. आळी, वठार, वाडा, पेठ. घुडेवठार, खडपेवठार, चवंडेवठार ही नावं नवख्याला सारखीच वाटतील. मुरलेला रत्नागिरीकर त्यावरून आडनाव ओळखतो, जात ओळखतो, घरचा धंदा ओळखतो, आमटीत गूळ पडतो की नाही इथवर अंदाज बांधतो. भैरी बारा वाड्यांचा देव. शिमग्यात त्याची पालखी निघाली की सगळं गाव तिच्यामागे असतं आणि त्या रात्री कोण कुठला हे कुणी विचारत नाही. पालखी पुढे गेली की आळी आळीच्या जागी आणि वाडा वाड्याच्या जागी.

बाबांनी पत्त्यासाठी निवडलेलं देऊळ कुणाचं, हे मला फार उशिरा कळलं. भागेश्वराचं देऊळ भागोजी कीरांनी बांधलेलं. गरीब भंडारी घरातला हा मुलगा मुंबईला गेला, सुतारकामापासून सुरुवात करून मोठा कंत्राटदार झाला. दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीसाठी जागा देणारे तेच. 1931 साली रत्नागिरीत सर्व जातींना खुलं असं पतितपावन मंदिर उभं राहिलं, त्याचा खर्चही त्यांनीच उचलला. ज्या माणसाने कुणाला दाराबाहेर ठेवू नये म्हणून पैसा ओतला, त्याच्या देवळाआड आम्ही वर्षानुवर्षं आमचं बंदर लपवत होतो. बाबांना हे ठाऊक होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

मिरकरवाडा तसा होता तरी कसा? वास होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहाटे बोटी लागल्या की लिलावाचा गलका सुरू व्हायचा. बांगडा, तारली, म्हाकूळ, कोळंबी यांचे ढीग धक्क्यावर ओतले जायचे. बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. तो मला अजून अलार्मपेक्षा ओळखीचा वाटतो. मासळीच्या गाड्यांमधून गळणारं पाणी रस्त्यावर सांडायचं आणि त्यावरून सायकली घसरायच्या. दारू होती. बायकांच्या शिव्याही होत्या, आणि त्यातल्या काही इतक्या कल्पक की मी त्या आजही जपून ठेवल्या आहेत. मागच्या दाराला खारवी शेजार होता, समोर दालदी मुसलमान कुटुंब. त्यांच्या घरून ईदला येणारा शिरखुर्मा आई घ्यायची, आम्हाला द्यायची, आणि वर बजावायची, "शाळेत सांगू नको हां."

आता दुसरी बाजू. माझी एक मैत्रीण शहरातल्या एका नावाजलेल्या आळीत राहायची. तिच्या घरामागून उघडं गटार जायचं. मे महिन्यात त्याचा दर्प असा की माजघरात बसवत नसे. पण त्या आळीला वास येतो, असं मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तो गटाराचा वास होता आणि गटार नगरपालिकेचं. आमच्याकडचा वास मात्र माणसांचा समजला जायचा. त्याच आळीत एक गृहस्थ रोज रात्री झिंगून यायचे. त्यांच्याबद्दल लोक म्हणत, "बिचाऱ्यांना घरचा त्रास आहे." मिरकरवाड्यात कुणी प्यायलेलं दिसलं तर म्हणत, "तिथले सगळे तसलेच."

बँकेत नोकरी करता करता मी बाहेरून समाजशास्त्रात एम. ए. केलं. बढतीला त्याचा उपयोग शून्य झाला. पण त्या अभ्यासात एक असं प्रकरण भेटलं की मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन या दोघांनी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका वसाहतीचा अभ्यास करून तो 1965 साली प्रसिद्ध केला. तिथे कामगारांच्याच दोन वस्त्या होत्या. दोन्हीकडे तेच धंदे, साधारण तशीच मिळकत, वंश एक, भाषा एक. फरक एवढाच की एका वस्तीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे होते आणि दुसरीतले मागून आलेले. तरीही जुने लोक नव्यांच्या वस्तीला उंदरांची गल्ली म्हणत आणि त्यांच्यात मिसळत नसत. हे कसं टिकतं, तेही त्या दोघांनी टिपून ठेवलंय. जुन्या वस्तीची ओळख तिथल्या चार नामवंत घरांवरून ठरे आणि नव्या वस्तीची तिथल्या चार वाह्यात घरांवरून. बाकीची शेकडो घरं दोन्हीकडे सारखीच, पण ती कुणाच्या बोलण्यात येत नसत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नव्या वस्तीतल्या लोकांना ते मनातून पटलेलंही होतं.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मधल्या खोलीतली सुतळी डोळ्यांसमोर आली.

बँकेत मी कर्ज विभागात. कोणत्या बँकेत ते सोडा, सगळीकडे कागद सारखेच असतात. घरकर्जाच्या प्रकरणात मूल्यांकन अहवाल येतो. त्यात बांधकामाचं वय, चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी या सगळ्या मोजता येण्यासारख्या गोष्टी असतात. मध्येच एक रकाना येतो: परिसराचा दर्जा. उच्च, मध्यम, निम्न. हा दर्जा कसा मोजायचा याचं माप कुठेही दिलेलं नाही. मूल्यांकन करणारा माणूस गावातलाच असतो. त्याच्या आईनेही त्याला कुठे खेळायला जायचं आणि कुठे नाही हे सांगितलेलं असतं. तो खूण करतो, आम्ही सही करतो, आणि आईची ती ताकीद बँकेच्या शिक्क्यासकट फाइलमध्ये लागते.

याखेरीज एक यादी असायची, ती कागदावर नसायची. 'निगेटिव्ह एरिया' हा शब्द मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ऐकला. आमचे तेव्हाचे साहेब घाटावरून बदलून आलेले. त्यांना रत्नागिरीतलं ओ की ठो माहीत नव्हतं. आठवडाभर शाखेतल्या लोकांबरोबर चहा पिऊन त्यांची यादी तयार झाली. मी त्या चहाला होते. मिरकरवाडा आला, राजिवडा आला, आणखी दोन-तीन नावं आली. मी काही बोलले नाही. एका सहकाऱ्याने मला विचारलंसुद्धा, "तुम्ही त्याच बाजूच्या ना?" मी म्हटलं, "नाही, आम्ही पेठकिल्ल्याचे."

अमेरिकेत हे काम रंगीत नकाशे काढून केलं होतं. 1933 साली तिथल्या सरकारने घरकर्जांसाठी एक महामंडळ काढलं. पुढच्या काही वर्षांत त्याने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, बरी वस्ती निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि धोक्याची लाल. कुठला रंग कुठे भरायचा, हे स्थानिक दलाल आणि सावकारी पेढ्यांना विचारून ठरलं, म्हणजे तिथेही चहाच. फॉर्मवर परक्या लोकांच्या 'शिरकावा'साठी वेगळा रकाना होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल झाल्या. लाल झाल्या म्हणून कर्ज मिळेना, कर्ज नाही म्हणून डागडुजी होईना, आणि वीस वर्षांनी घरं खरोखरच मोडकळीला आलेली पाहून लोक म्हणाले, बघा, नकाशा बरोबर होता.

आमच्याकडे नकाशा लागला नाही. आमची आठवण पक्की आहे.

पण हेच रत्नागिरी उलटंही करून दाखवतं, आणि ते मला फार गमतीचं वाटतं. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1885 साली पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. इथेच का? तर आडबाजूचं गाव. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद. राजाला कुणी भेटायला यायचं नाही आणि त्याला कुठे जाता यायचं नाही. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो 1910 साली राहायला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. सावरकरांना 1924 मध्ये तुरुंगातून सोडलं तेही रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर, ती अट 1937 पर्यंत. सरकारदरबारी आमचं गाव म्हणजे नको असलेलं माणूस ठेवून द्यायची जागा. शिवाय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्याकडे. कॉलेजात असताना मुंबईच्या आत्येभावाला मी रत्नागिरीहून आले म्हटलं की तो हमखास विचारायचा, "सोडलं का तुला?" बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि नागपूरला आहेत. पण नागपूरकराला हा विनोद कुणी ऐकवत असेल असं वाटत नाही. मोठ्या शहराला चार नावं असतात. लहान गावाला एकच चिकटतं.

तर त्या राजकैद्याच्या राजवाड्यामुळे पुढे काय झालं? थिबा पॅलेस रोड हा रत्नागिरीतला भारदस्त पत्ता झाला. बंगले झाले, इमारती झाल्या, जाहिरातींत 'थिबा पॅलेसनजीक' असं ठळक छापून येतं. एका राजाने जिथे पिंजऱ्यातल्यासारखे दिवस काढले, त्याच्या शेजारी राहण्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. वाईट वाटून घेऊ नये, पण यात थिबाच्या कर्तृत्वापेक्षा 'पॅलेस' या शब्दाचा वाटा मोठा आहे. तिथला उतार चढून येणारा वारा छान असतो, हेही खरं.

वारा हा कोकणात घराच्या किमतीतला मोठा भाग. माझ्या आजीच्या पिढीला समुद्रासमोर घर ही कल्पनाच चमत्कारिक वाटायची. किनाऱ्यावर राहतो तो मासे मारणारा. ज्याला पर्याय आहे तो माडांच्या आत, आगरात, वाऱ्याला पाठ करून घर बांधतो. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज खातात, पत्रा दोन वर्षांत चाळण होतो, भिंतीला पापुद्रे सुटतात. आता त्याच खाऱ्या वाऱ्याला 'सी फेसिंग' म्हणतात आणि त्याचा चौरस फुटामागे वेगळा दर लागतो. गज अजूनही तसेच खातात. माझ्या एका सहकाऱ्याने हौसेने असा फ्लॅट घेतला. दर दिवाळीला तो ग्रिल रंगवतो आणि दर शिमग्याला ते पुन्हा तांबडं होतं.

मिऱ्याचं उदाहरण तर डोळ्यांदेखत घडलं. पांढऱ्या समुद्राकडचा हा भाग म्हणजे बंधारा फुटल्याच्या आणि घरात पाणी शिरल्याच्या बातम्यांचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि 'बसरा स्टार' नावाचं जहाज तिथल्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. ते निघेना. महिने गेले, वर्षं गेली, जहाज तिथेच गंजत राहिलं. लोक फोटो काढायला येऊ लागले, भेळवाला आला, नारळपाणीवाला आला. एकदा रिक्षावाल्याला मिऱ्यात एका ठिकाणी जायचंय म्हणून पत्ता समजावत होते, तर तो म्हणाला, "जहाजाच्या अलीकडे की पलीकडे, तेवढं सांगा." तिथल्या एका खातेदार बाईंना मी म्हटलं, तुमच्याकडे बरीच गर्दी असते हल्ली. त्या म्हणाल्या, "असते ना. बंधारा फुटतो तेव्हा कुणी येत नव्हतं. जहाज फुटलं तर सगळा गाव येतोय."

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही वर आलो. वर म्हणजे सड्यावर. जुन्या रत्नागिरीकराच्या लेखी बाजारपेठ आणि समुद्र खाली, आणि वर नुसता कातळ. जांभ्याचा उघडा माळ, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात चटके. दिवस मावळल्यावर तिकडे जाऊ नये, असं आजी सांगायची. मारुती मंदिराच्या पुढे वस्ती विरळ व्हायची. मग औद्योगिक वसाहत आली, कोकण रेल्वेचं स्टेशन कुवारबावकडे झालं, 26 जानेवारी 1998 पासून सगळ्या मार्गावर गाड्या धावू लागल्या, आणि भुताखेतांच्या माळावर तीन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. नळाला पाणी कमी, चतुर्थीला गावची माणसं नाहीत, शेजारी कोण हे वर्षभर माहीत नाही, तरी सगळे म्हणायचे, वर चांगली वस्ती आहे.

आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तो वाचला की एलियाससाहेबांची आठवण येते. पाण्याची मोटर बंद पडली की ती भाडेकरूंमुळे. कचरा दिसला की शेजारच्या बांधकामावरच्या 'बाहेरच्या' लोकांमुळे. खरं तर या माळावर आम्ही सगळेच बाहेरचे. आमच्या आधी इथे फक्त गुरं चरायची. पण पंचवीस वर्षं झाली की माणूस मूळचा होतो. मागे कुणीतरी रस्त्यावर पडलेल्या पिशव्यांचा फोटो टाकला. खाली भराभर मजकूर आला: परिसर बिघडत चाललाय, पूर्वी असं नव्हतं, यूपी-बिहारवाले वाढलेत. शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी कबूल केलं की पिशव्या त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाच्या होत्या आणि घंटागाडी चुकली होती. एकदम शांतता. मग सात जणांनी केकचा इमोजी टाकला.

शिकागोत हेच शास्त्रशुद्ध पद्धतीने पाहिलं गेलंय. 1995 साली संशोधकांनी गाडीत कॅमेरे लावून हजारो रस्त्यांचं चित्रण केलं. कुठे काचा फुटल्यात, कुठे कचरा, कुठे भिंती रंगवल्यात, सगळं मोजलं. मग रहिवाशांना विचारलं, तुमच्या भागात बेशिस्त किती? रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी 2004 मध्ये दोन्हींचा मेळ घातला. कचरा किती होता यापेक्षा त्या भागात कृष्णवर्णीय आणि गरीब किती राहतात, यावरून लोकांचं उत्तर जास्त ठरत होतं. असं उत्तर देणाऱ्यांत नुसते गोरे नव्हते. कृष्णवर्णीय रहिवाशांच्या उत्तरांतही तेच दिसलं. मला यात काहीच नवल वाटलं नाही. 'निगेटिव्ह एरिया'च्या त्या चहाला मीही होते.

मावशीचं चिपळूण मात्र मला वेगळं काहीतरी शिकवून गेलं. तिचं घर बाजारपेठेच्या भागात, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या लग्नात माझ्या आजीला याचं केवढं कौतुक. "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बाजार." वाशिष्ठीचं पाणी कधी चढायचं, पण तेव्हा ते पायऱ्यांवर मोजायचं, घाबरायचं नाही. 2005 च्या जुलैत पहिला दणका बसला. मग 22 जुलै 2021. मावशीच्या इमारतीचा तळमजला पूर्ण पाण्याखाली, पहिल्या मजल्यावरचे लोक तिच्याकडे. अठरा माणसं, एक गॅस आणि एक बादली पिण्याचं पाणी. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला मी गेले होते. भिंतीवर पाण्याची जी आडवी रेघ उमटली होती, तिच्याखालचं सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

त्यानंतर कागदावर रेघा आल्या. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतला. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मध्ये अटींसह. धोका खरा होता, यात वादच नाही. माझ्या नखांत तो चिखल आठवडाभर होता. पण गावाचा मोठा भाग त्या रेघांत आला आणि लोक हादरले. 2021 च्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. नदीतला गाळ काढा आणि पूररेषेचा फेरविचार करा, अशी मागणी. मावशीही एक दिवस जाऊन बसली, गुडघे दुखत असताना. मी तिला म्हटलं, अगं, पाणी तर तू स्वतः पाहिलंस, रेघ खोटी कशी म्हणतेस? ती म्हणाली, "पाणी चार दिवसांनी जातं गो. नाव जात नाही."

पूर्वी ज्या उंचावरच्या पाड्यांना चिपळूणचे लोक लांब म्हणायचे, तिथले भाव नंतर वर गेले. मावशी हलली नाही. तिचा मुलगा हलला.

परवाच्या ऑक्टोबरात माझ्या टेबलावर एक फाइल आली. मिरकरवाड्यातलं घर, आजोबांच्या काळातलं, कौलारू. बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळणाऱ्या मुलाला वर स्लॅब टाकायचा होता. आठ लाख. पगार खात्यावर येतो, आधीचा एक हप्ता चुकलेला नाही. परिसराचा दर्जा: निम्न. माझ्या नोकरीची आता थोडीच वर्षं उरलीत. म्हटलं, जागेची पाहणी आपणच करू.

समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, बंदरावर तीन नंबरचा बावटा. आश्रयाला आलेल्या परराज्यांतल्या बोटींनी बंदर गच्च भरलेलं. स्कूटर देवळाकडे लावली आणि खाली चालत गेले. मुलाच्या आईने खुर्ची पुसून दिली, कोकम सरबत केलं. कागदांचं झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, परिसर कसा आहे हो? "आमची गल्ली शांत आहे, मॅडम. बायामाणसं रात्रीही फिरतात. मागे त्या टाकीकडे तेवढं संध्याकाळचं जाऊ नका."

मी टाकीकडे गेले. तिथे एक म्हातारी मुसलमान बाई कोळंबी सोलत बसली होती. बोटांना सुरकुत्या पडलेल्या, पण हात असे चालत होते की नजर ठरत नव्हती. तिलाही तेच विचारलं. "इथं काय नाय बाय, सगळी आमचीच माणसं. धक्क्यावरच्या खलाशांचा काय तो भरवसा नाय. कुठले कुठले येतात."

धक्क्यावर एक नेपाळी पोरगा जाळं शिवत होता. हल्ली इथल्या बोटींवर नेपाळी खलाशी बरेच असतात. हंगामभर बोट हाच त्यांचा पत्ता. त्याला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, इथे काही त्रास? तो हसला. "इधर सब ठीक है, मॅडम." मग सुई धरलेल्या हाताने पलीकडच्या रांगेकडे दाखवून हळूच म्हणाला, "वो मलपीवाला बोट है. उनसे दूर रहना."

कर्नाटकातल्या त्या मलपीच्या बोटींवर भात शिजत होता. एकजण बादलीने डोक्यावर पाणी ओतून घेत होता, दुसरा फोनवर कुणाला तरी आपलं जेवण दाखवत होता. त्यांना विचारायला मला भाषा येत नव्हती.

अहवालात मी लिहिलं: दाट निवासी वस्ती, शाळा, दवाखाना व रोजगार चालत जाण्याच्या अंतरावर. पण रकान्यात तीनच पर्याय होते. 'मध्यम'वर खूण केली आणि साहेबांकडे पाठवली.

घरी पोचायला सात वाजले. चपलेच्या तळाला खवले चिकटले होते ते पायपुसण्यावर घासून काढले, तरी काही राहिलेच. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. त्यांनी रुमाल हळूच नाकाशी नेला आणि सौजन्याने विचारलं, "आज उशीर झाला? कुठे गेला होतात?"

"भागेश्वराच्या देवळात," मी म्हटलं.